सेल्फच्या आधी हँडल

जुनी गाडी घ्यायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती किलोमीटर चालली?' दुसरा, 'अ‍ॅव्हरेज किती देते?' ती किती महिने एका जागी उभी होती, हे मात्र फार कमी जण विचारतात. इंजिनाच्या बाबतीत खरा घोळ तिथेच असतो. चालून चालून इंजिन झिजतं, मान्य. पण झिजणारं इंजिन आधी सूचना देतं. धूर सोडतं, ऑइल पितं, चढाला दम टाकतं. उभं राहिलेलं इंजिन काहीच बोलत नाही. मग एक दिवस तुम्ही हौसेनं सेल्फ मारता आणि आतून 'टक्' एवढाच आवाज येतो.

अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना आमचं मैंदर्गी लागतं. थोडं पुढे गेलं की कर्नाटक. त्यामुळे गॅरेजवर उभं राहिलात तर एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि दख्खनी हिंदी ऐकू येईल. तूर, ज्वारी, ऊस हलवायचा तर ट्रक-ट्रॅक्टर लागणारच. अशा भागात एखाद्या घरामागे, गोठ्याशेजारी किंवा बाभळीखाली एखादा जुना ट्रक उभा असला तर नवल नाही. आजोबांनी घेतलेला, वडिलांनी चालवलेला आणि आता विकवतही नाही, चालवताही येत नाही असा. हा लेख त्या ट्रकबद्दल आहे आणि उद्या तो ज्यांच्या गळ्यात पडणार आहे, त्या तुमच्यासाठी आहे. ट्रक नसेल तर विहिरीवरचं बंद इंजिन धरा, काकांचा ट्रॅक्टर धरा नाहीतर आजोबांची बुलेट. गोष्ट बरीचशी तीच आहे.

गोष्ट सोपी आहे. उभं इंजिन महिन्यातून एकदा हातानं फिरवायचं. चालू करायचं नाही, नुसतं फिरवायचं. काम दहा-पंधरा मिनिटांचं, खर्च जवळजवळ शून्य. पण ते कसं करायचं आणि करताना काय ऐकायचं, हे माहीत असलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे.

ताऱ्याचा ट्रक

आधी थोडा इतिहास. १९४५ मध्ये टाटांनी जमशेदपूरला 'टेल्को' काढली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. ट्रक आले १९५४ मध्ये, जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार झाल्यावर. म्हणून त्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्या जागी 'टी' आला. याचा एक फायदा आहे. कुठे ताऱ्याचा ट्रक दिसला तर त्याचं वय कागद न बघताही कळतं. तो पन्नाशी ओलांडलेला असणारच.

पहिल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांत जे डिझेल इंजिन होतं, ते सहा सिलिंडरचं. बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक १२० मिलिमीटर, एकूण क्षमता साधारण ४.६ लिटर. हे आकडे लक्षात ठेवा, हँडल हातात घेतल्यावर त्यांचा अर्थ दंडाला कळेल.

ट्रकच्या इतिहासात सोलापूरचाही वाटा आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि अमेरिकेच्या क्रायसलरशी हातमिळवणी करून मुंबईत कुर्ल्याला गाड्या तयार केल्या. डॉज आणि फार्गो ही नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा. 'फार्गो' म्हटल्यावर अनेकांचा चेहरा खुलेल.

त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या नाकाखाली, बम्परच्या मधोमध, एक गोल भोक असायचं. त्या भोकातून लोखंडी हँडल आत घालायचं. क्रँकच्या पुढच्या टोकाला तिरक्या दातांची एक जाड नट असते, तिच्यात ते अडकायचं आणि मग फिरवायचं. खरं तर विजेवर चालणारा सेल्फ १९१२ मध्येच अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला बसला होता. चार्ल्स केटरिंग या इंजिनीअरचं ते काम. तरी ट्रकवाल्यांनी पुढची कित्येक वर्षं हँडल सोडलं नाही. बॅटरी उतरली, थंडी पडली की सकाळी सकाळी क्लीनरनं हँडल मारायचं, हा रिवाजच होता. म्हणजे मुळात हँडल होतं गाडी चालू करण्यासाठी. आज त्याचा खरा उपयोग गाडी चालू न करता तिची काळजी घेण्यासाठी आहे.

उभं राहिलं की आत काय होतं?

सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर असतो. पिस्टनच्या रिंगा त्या थरावरून घसरतात. गाडी बंद करून ठेवली की काही आठवड्यांत हा थर हळूहळू खाली ओघळतो. मग उरतं काय? लोखंडाची रिंग आणि तिला चिकटून लोखंडाची भिंत.

त्यात आपला पाऊस. सोलापूर जिल्हा कोरडा, हे खरं. पण जो पाऊस पडतो त्यातला मोठा हिस्सा सप्टेंबरमध्ये येतो. दिवसा ऊन, संध्याकाळी सर, रात्री गारवा. अशा हवेत थंड लोखंडावर दव धरतं. इंजिन कुठेही थांबलं तरी सहांपैकी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्या सिलिंडरला बाहेरची दमट हवा लागते. पहिला गंज तिथेच धरतो. दोन-तीन पावसाळे गेले की रिंग भिंतीला चिकटते आणि आपण म्हणतो, 'इंजिन जाम झालं.'

दुसरी गोष्ट डिझेल पंपाची. पंपातले प्लंजर आपापल्या नळीत इतके घट्ट बसवलेले असतात की मधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डिझेल वर्षभर पडून राहिलं की त्याचा चिकट राप तयार होतो. एवढ्याशा फटीला तो पुरेसा आहे. इंजिन फिरलं की पंपही फिरतो, प्लंजर वर-खाली होतात आणि चिकटायला सवड मिळत नाही. पाण्याच्या पंपाचं सील, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, टॅपेट यांचंही तेच. रोज हलण्यासाठी घडवलेल्या वस्तूंना एकाच जागी दाबून ठेवलं की त्या तशाच बसून राहतात.

तिसरी गोष्ट जिवंत आहे. सायलेन्सरचं उघडं तोंड म्हणजे कुंभारमाशीला मिळालेलं फुकटचं घर. एअर क्लीनरमध्ये उंदीर संसार थाटतात. तेव्हा हँडलला हात लावण्याआधी या दोन जागा तपासा आणि काम झालं की सायलेन्सरवर रिकामा डबा पालथा घाला. पुढच्या वेळी सेल्फ मारायच्या आधी तो काढायला तेवढं विसरू नका.

हात लावण्याआधी

पायऱ्या क्रमानं घ्या. एकही गाळू नका.

गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हे गिअरचा दांडा हलवून स्वतः बघा. 'असेल' यावर विसंबू नका. हँडब्रेक ओढा आणि पुढच्या-मागच्या चाकांना दगड लावा. जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर भरवसा ठेवू नये, हे क्लीनर लोकांना कुणी शिकवावं लागत नसे. त्यांच्या हातात दगड तयारच असायचा.

बॅटरीची वायर काढा. डिझेल गाडी असेल तर इंजिन बंद करण्याची जी तार असते, ती पूर्ण ओढून बांधून ठेवा, म्हणजे नोझलला डिझेल जाणार नाही. पेट्रोल गाडी असेल तर प्लगच्या वायरी काढा. थोडक्यात, इंजिन चुकूनही चालू होता कामा नये.

ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल पातळीत हवं. ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. मग तिथेच थांबा आणि मिस्त्रींना बोलवा. पातळी आपोआप वाढलेली दिसली तरीही थांबा, कारण वाढलेलं ते ऑइल नसतं, पाणी किंवा डिझेल असतं.

आता ताकदीचा प्रश्न. डिझेल इंजिन हवा साधारण पंधरा ते वीस पट दाबतं. विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या इंजिनाला त्यासाठी एक छोटा खटका असतो. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा निसटते आणि हँडल हलकं होतं. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली. तशा इंजिनांवर वाढलेल्या शेतकऱ्याला हा खटका हँडलइतकाच ओळखीचा असतो. ट्रकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला अशी सोय सहसा नसते. तिथे हीटर प्लग किंवा नोझल काढून ठेवले की हवा त्या भोकांतून निघून जाते आणि एकटा माणूस सहज इंजिन फिरवू शकतो. हे काढणं-बसवणं मात्र जाणकाराकडून शिकून घ्या. भोकातून कचरा आत पडला तर कमावलेलं सगळं गमवाल.

वर्षभराहून जास्त उभं असलेलं इंजिन असेल तर याच भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. फिरवण्याचं काम दुसऱ्या दिवशी.

मनगट सांभाळा

हाडांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात मनगटाजवळच्या एका फ्रॅक्चरचं नावच 'शोफर्स फ्रॅक्चर' आहे. शोफर म्हणजे ड्रायव्हर. गाडी चालू करताना हँडल उलटं फिरायचं आणि ड्रायव्हरचं मनगट मोडायचं, त्यावरून हे नाव पडलं. हँडल गेलं, नाव राहिलं.

हे का व्हायचं, ते समजून घ्या. हँडलच्या नटीचे दात तिरके असतात. इंजिन सुलट चालू झालं की ते हँडलपेक्षा वेगानं पळतं आणि तिरके दात हँडलला बाहेर ढकलतात. ही झाली सोय. पण पिस्टन वर पोचण्याआधीच आत ठिणगी पडली तर इंजिन उलटा हिसका देतं. उलट दिशेला ते दात सुटत नाहीत, उलट आणखी घट्ट अडकतात. मग सगळा हिसका थेट हातात येतो.

म्हणून जुन्या लोकांचे दोन नियम आहेत. पहिला, अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, तो चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. म्हणजे हिसका बसला तर मूठ उघडते, अंगठा अडकत नाही. दुसरा, जोर नेहमी खालून वर ओढताना लावायचा. वरून खाली अंगाचा भार टाकायचा नाही. आपण इंजिन चालू करत नाही आहोत, तेव्हा हिसका बसण्याचं कारण नाही. तरीही हात तसाच धरायचा. सवय आधीपासून लागलेली बरी.

पंख्याची पाती धरून इंजिन फिरवायचं नाही, हेही इथेच सांगून ठेवते. पातं वाकतं, बोटं कापतात आणि बेल्ट घसरतो. गाडीला हँडलचं भोक नसेल तर पुढच्या पुलीच्या मधल्या बोल्टला मोठा गोटी पाना लावून फिरवता येतं. दिशा एकच, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उलट फिरवलं तर बोल्ट सैल होऊ शकतो.

अडीच फेऱ्या

आता फिरवा. हळू.

हे चार स्ट्रोकचं इंजिन आहे. हवा घेणं, दाबणं, जाळणं, धूर सोडणं ही चार कामं पूर्ण व्हायला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात. म्हणजे दोन फेऱ्यांत सहाही सिलिंडर एकेकदा हवा दाबतात आणि एका फेरीत तीनदा. हीटर प्लग न काढता फिरवलंत तर हे हाताला स्वच्छ कळतं. हलकं, जड, हलकं, जड. दर १२० अंशांवर एक चढ.

दोन फेऱ्या पूर्ण झाल्या की प्रत्येक पिस्टन, प्रत्येक व्हॉल्व्ह आपलं एक चक्र करून पुन्हा जागेवर येतो. तिथेच थांबलात तर इंजिन होतं त्याच जागी परत आलं. तोच व्हॉल्व्ह उघडा, तीच स्प्रिंग दाबलेली. म्हणून वर अर्धी फेरी जास्त. दर महिन्याला अडीच फेऱ्या केल्या तर इंजिन सलग चार महिने वेगवेगळ्या जागी थांबतं. हात चालत असेल तर साडेचार करा, साडेसहा करा. पण शेवटची ती अर्धी सोडू नका.

हँडल काय सांगतं

माझ्या मते सगळ्यात भारी भाग हा आहे. सेल्फला फक्त दोन उत्तरं येतात, इंजिन फिरलं किंवा नाही फिरलं. हँडल यापेक्षा बरंच काही सांगतं.

एखाद्या जड जागी हँडल रोखून धरा. आतली दाबलेली हवा हळूहळू गळते आणि गळताना आवाज करते. तो आवाज कुठून येतो ते ऐका. एअर क्लीनरच्या बाजूनं 'हिस्स' आलं तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सायलेन्सरकडून आलं तर धूर सोडणारा व्हॉल्व्ह. ऑइल टाकायच्या तोंडातून आलं तर रिंगा झिजल्यात. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट गेलं आहे. कुठलंही मशीन न लावता, फक्त कान लावून एवढं कळतं. थोडी गळती प्रत्येक इंजिनात असते, तिची काळजी नको. सहापैकी एकच चढ बाकीच्यांपेक्षा हलका लागला तर मात्र तो सिलिंडर आजारी आहे.

आणि एक इशारा असा की तो ओळखता आला नाही तर इंजिन जातं. समजा हेड गॅस्केट फुटून रेडिएटरचं पाणी एका सिलिंडरमध्ये साचलं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हातानं फिरवताना एका जागी हँडल भिंतीला टेकल्यासारखं थांबेल. तुम्ही थांबाल, विचाराल, हीटर प्लग काढाल, पाणी बाहेर येईल. त्याच जागी बॅटरी लावून थेट सेल्फ मारला असता तर? सेल्फच्या ताकदीनं पिस्टन पाण्यावर आदळला असता आणि कनेक्टिंग रॉड वाकला असता. पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका असं सांगतात, त्यामागचं कारणही हेच.

म्हणून नियम एवढाच. बऱ्याच दिवसांनी गाडी चालू करायची असेल तर आधी हात, मग सेल्फ.

मोठ्या यंत्रांनाही हा नियम चुकलेला नाही. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांत टर्बाइन बंद केलं तरी त्याचा तापलेला, टनावारी वजनाचा दांडा लगेच थांबू देत नाहीत. एका जागी थांबला तर तो स्वतःच्या वजनानं आणि असमान तापमानानं वाकतो. म्हणून वेगळ्या यंत्रणेनं तो कितीतरी वेळ संथ फिरवत ठेवतात. तिला 'बारिंग गिअर' म्हणतात. जहाजांच्या इंजिनांनाही अशीच फिरवण्याची सोय असते. तुमच्या हातातल्या हँडलचे हे मोठे भाऊ समजा.

टॅपेटची जोडी

इंजिनीअरिंगला किंवा आयटीआयला असाल तर ही युक्ती तोंडी परीक्षेत कामाला येईल. सहा सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४ असतो. टॅपेटची फट तपासायची तर त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत. ते कसं ओळखायचं? जोडीदाराकडे बघून. या क्रमात जोड्या पडतात १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४. कुणीतरी हँडल हळूहळू फिरवायचं. सहा नंबरचा एक व्हॉल्व्ह मिटता मिटता दुसरा उघडायला लागला, म्हणजे दोन्ही टॅपेट एकदम डुलले की 'थांब' म्हणायचं. त्या क्षणी एक नंबरचे दोन्ही सैल असतात. फिलर गेज घाला, कंपनीनं सांगितलेली फट बघा. मग पुढची जोडी.

हे काम सेल्फनं होत नाही. सेल्फ नेमका तिथे थांबत नाही. दोन माणसं लागतात, एक हँडलला आणि एक टॅपेटला. शिकवण्याची आणि शिकण्याची जागा तीच. 'मेकॅनिक डिझेल' हा आयटीआयमधला एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीनंतर करता येतो. पण कुठल्या आवाजाला 'थांब' म्हणायचं हे टॅपेटजवळ उभं राहूनच कळतं.

जाम झालंच असेल तर

हँडल हललंच नाही, तर पहिलं काम म्हणजे जोर न लावणं. हँडलला लांब पाइप जोडून चार पोरं लोंबकळली की पुलीचा बोल्ट तुटतो किंवा रिंग मोडून भिंतीवर ओरखडा पडतो. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरनं ओढणं हा त्याहून वाईट उपाय.

हीटर प्लग किंवा नोझल काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल यांचं मिश्रण सोडा. दोन दिवस थांबा, पुन्हा थोडं सोडा. मग हँडल पुढे-मागे अगदी थोडं डोलवा. बोटभर हललं तरी जिंकलात असं समजा. आठवडा गेला तरी काही होत नसेल तर हेड उघडावं लागेल, आणि ते मिस्त्रींचं काम.

एवढ्यानं सगळं भागतं का?

नाही. इथे जाणकारांतही मतभेद आहेत. हातानं फिरवल्यानं ऑइलचा दाब नीट तयार होत नाही, बेअरिंगपर्यंत ऑइल जोरात पोचत नाही. उरलासुरला थर पुसला जातो, असंही काहींचं म्हणणं असतं. त्यांचा सल्ला असा की वर्षभर ठेवायचीच असेल तर ऑइल बदला, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, सगळी तोंडं बंद करा आणि इंजिनाला हात लावू नका. हेही बरोबर आहे, पण सगळी तोंडं खरोखर बंद केली असतील तर. बाभळीखालच्या ट्रकचं तसं कुणी केलेलं नसतं. तिथे थोडं ऑइल सोडून महिन्याला अडीच फेऱ्या, हा मधला आणि जमणारा मार्ग.

सगळ्यात वाईट सवय तिसरीच आहे. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं इंजिन चालू करायचं आणि 'चालतंय' म्हणून बंद करायचं. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं नाही तर ती वाफ आतच थंड होते आणि ऑइलमध्ये मिसळते. चालू करायचंच असेल तर गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा, नाहीतर चालूच करू नका.

बुलेटवाल्यांसाठी एक ओळ. जुन्या बुलेटला कॉम्प्रेशन सोडण्याचा छोटा खटका असतो. तो दाबून, चावी बंद ठेवून किक हळूहळू पाच-सहा वेळा खाली न्या. तुमच्या अडीच फेऱ्या झाल्या.

भंगार की वारसा?

आता घरातला खरा वाद. 'कशाला ठेवलाय तो सांगाडा? भंगारात द्या.' जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण हे नियम दुचाकी आणि चारचाकींसाठी आहेत, आणि अशा गाडीचा व्यावसायिक वापर करता येत नाही. आयुष्यभर भाड्यानं माल वाहिलेल्या ट्रकच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही. म्हणजे ट्रक टिकवायचा तर तो घरच्यांनीच टिकवायचा.

विकायचा निर्णय चुकीचाच असतो, असं मी म्हणणार नाही. जागा लागते, पैसा लागतो, घरात लग्न असतं, फी भरायची असते. पण तो निर्णय तुम्ही घ्या, गंजाला घेऊ देऊ नका. फिरणारं इंजिन 'इंजिन' म्हणून विकलं जातं. जाम झालेलं इंजिन किलोवर जातं. गाडी ठेवा नाहीतर विका, अडीच फेऱ्यांचा फायदा दोन्हीकडे आहे.

आणि एक गोष्ट किलोवरही विकली जात नाही. घरातल्या किंवा गल्लीतल्या ज्या माणसानं तारुण्यात हँडल मारलं, त्याच्या हातातला अंदाज. त्यांना नुसतं 'सांगा' म्हणालात तर ते दोन वाक्यांत उरकतील. हँडल आणून पुढ्यात ठेवा. अंगठा कुठे ठेवायचा हे ते न विचारताच दाखवतील. तेवढं फोनवर शूट करून ठेवा. रील केलीत तरी चालेल, पण आधी शिकून घ्या.

तेव्हा या रविवारी मागच्या अंगणात जा. न्यूट्रल, दगड, बॅटरी, स्टॉपची तार, ऑइलची पट्टी. मग अडीच फेऱ्या. झालं की सायलेन्सरवर डबा घाला आणि केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं तारीख लिहा. पुढच्या महिन्यात तिच्या खाली दुसरी तारीख यायला हवी.